वाफ या शब्दाने केलेली फसवणूक

छाती भरली की आमच्याकडे पातेल्यात पाणी उकळतात, त्यात चिमूटभर ओवा टाकतात आणि डोक्यावरून चादर देऊन मुलाला वाफ घ्यायला बसवतात. मराठवाड्यातल्या घरांमध्ये वाफ हा शब्द असा औषधाच्या अंगाने आलेला आहे. त्यामुळे लातूरमध्ये नीटची तयारी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या सॅकमध्ये हायलायटर पेनासारखे दिसणारे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडले आणि तो मनापासून म्हणाला, "सर, यात धूर नाही, नुसती वाफ आहे," तेव्हा मला रागापेक्षा काळजीच अधिक वाटली. वडिलांनी तंबाखू सोडावी म्हणून घरी हट्ट धरणारा हा मुलगा होता. आपण मात्र काही वाईट करत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्या उपकरणाच्या आत काय असते, हे आधी पाहू. एका टोकाला लिथियमची लहान बॅटरी, दुसऱ्या टोकाला धातूच्या बारीक तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्यात बसवलेली कापसाची वात. समईतली वात तेल ओढून घेते तशी ही वात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादद्रव्ये यांचे मिश्रण ओढून घेते. झुरका घेतला की तार दोनशे अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त तापते, द्रव उडतो आणि थंड होताच त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. पातेल्यातल्या वाफेचा बराचसा भाग नाकात आणि घशातच पाणी होऊन थांबतो. हे थेंब मात्र मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, लहान असल्यामुळे त्यातले कितीतरी थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. आणि ते पाण्याचे नसतात.

कढईत तेल जास्त तापले की नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास सुटतो, तो मुख्यतः अक्रोलिन या रसायनाचा असतो. तेलातले ग्लिसरॉल तापून ते तयार होते. व्हेपमधले ग्लिसरीन म्हणजे तेच ग्लिसरॉल, आणि वात कोरडी पडत आली की तापलेल्या तारेवर हीच क्रिया घडते. सोबत फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅसिटल्डिहाइडही तयार होतात. तारेतून निकेल, क्रोमियम आणि तारेच्या जोडणीतून शिसे यांचे अंशही थेंबांत मिसळलेले आढळले आहेत. स्वयंपाकघरात असा वास आला की आपण खिडकी उघडतो. व्हेपमध्ये मात्र आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा स्वाद त्या वासावर पांघरूण घालतो आणि शरीराने दिलेला इशारा आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

श्वासनलिकेला सुमारे २३ वेळा फाटे फुटत जातात आणि शेवटी कोट्यवधी वायुकोश, म्हणजे हवेच्या चिमुकल्या पिशव्या, लागतात. ते सगळे उलगडून पसरले तर जवळपास बॅडमिंटनच्या मैदानाएवढी जागा व्यापतील. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा तिथे एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. वाटेतल्या नलिकांना बारीक केसांचे अस्तर असते. हे केस एका लयीत हलून धूळ आणि जंतू अडकलेला चिकट द्रव वर ढकलत राहतात. निकोटीनमुळे ही सफाई मंदावते. वायुकोशांत केस नसतात. तिथली राखण जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींकडे असते आणि क्षयरोगाच्या जंतूशी पहिली गाठ याच पेशींची पडते. आपल्या भागात क्षयरोग अजून सरलेला नाही, त्यामुळे मुलांना शिकवताना मी या पेशींवर जरा जास्त वेळ देतो.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. चार महिने व्हेपच्या फवाऱ्यात ठेवलेल्या उंदरांच्या भक्षक पेशींमध्ये चरबी साठलेली आढळली, वायुकोशांना मिटू न देणाऱ्या स्निग्ध थराचा तोल बिघडला आणि फ्लूच्या विषाणूंपुढे ती फुफ्फुसे दुबळी पडली. उल्लेखनीय गोष्ट अशी की, द्रवात निकोटीन नसतानाही हे घडले. 'आमच्यात निकोटीनच नाही' असे सांगणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे आहे.

अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांमध्ये आलेली फुफ्फुसाच्या तीव्र आजाराची लाट पुष्कळांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यामागे प्रामुख्याने गांजातील अर्क असलेल्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होते. त्यामुळे प्रत्येक व्हेपला ते लागू करणे योग्य होणार नाही. माझी चिंता सावकाश होणाऱ्या हानीची आहे.

दोन मिलिमीटरहून बारीक असलेल्या नलिकांना डॉक्टर फुफ्फुसाचा मूक भाग म्हणतात. त्यांतल्या बऱ्याचशा निकामी झाल्या तरी फुंकर मारून करायच्या नेहमीच्या तपासणीत आकडे चांगलेच दिसू शकतात. शिवाय फुफ्फुसांची वाढ विशीच्या सुरुवातीपर्यंत चालू असते आणि नंतर त्यांची ताकद वर्षागणिक थोडी थोडी घटत जाते. सतराव्या वर्षी ज्याची वाढ खुंटते, त्याची उतरण मुळात खालच्या पायरीवरून सुरू होते आणि त्याला इतरांपेक्षा लवकर दम लागू शकतो. अमेरिकेतील सुमारे ३२,००० प्रौढांच्या पाहणीत, सिगारेटचा परिणाम वेगळा काढल्यावरही, व्हेप ओढणाऱ्यांना दमा किंवा दीर्घकालीन श्वसनविकार होण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळली. दोन्ही ओढणाऱ्यांमध्ये ती तिपटीहून जास्त होती. आणि ही पाहणी अवघ्या तीन वर्षांची होती. सिगारेटचे दुष्परिणाम उघड व्हायला कित्येक दशके गेली, तर आजच्या स्वरूपातले व्हेप २००३ च्या सुमारास चीनमध्ये जन्मले.

वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने ती पूर्ण सोडून व्हेप घेतले तर त्याच्या शरीरात कमी विष जाते, हे खरे आहे आणि ब्रिटनमध्ये त्याचा तसा वापरही होतो. ज्याने कधी बिडीही ओढली नाही अशा मुलाला हा हिशेब लागू होत नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने व्हेपची निर्मिती, आयात आणि विक्री बंद आहे. त्यामुळे चोरून मिळणाऱ्या नळीत नेमके काय भरले आहे, हे तपासणारे कोणीही नाही.

"सोडले तर फुफ्फुसे साफ होतील ना, सर?" असे त्या मुलाने शेवटी विचारले. नलिकांतले केस काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात, तेव्हा सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटेल, त्याला घाबरू नकोस, असे मी त्याला सांगितले. बारीक नलिकांत व्रण धरला असेल तर मात्र ती जागा पुन्हा मोकळी होत नाही, हेही सांगितले. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. तो त्याने वहीच्या शेवटच्या पानावर दोनदा लिहून घेतला, एकदा स्वतःसाठी आणि एकदा वडिलांसाठी.