शेल टेस्ट स्क्रिप्टची पोर्टेबिलिटी

प्रोग्रामची चाचणी घेणारी शेल स्क्रिप्ट (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, आणि स्क्रिप्ट म्हणजे त्याच्यासाठी लिहिलेली कमांडची फाइल) लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी, एआयएक्स अशा वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काहीही न बदलता चालणे आणि सगळीकडे एकच निकाल देणे, म्हणजे तिची पोर्टेबिलिटी. यातला दुसरा भाग जास्त अवघड. साधी स्क्रिप्ट अडली की लगेच कळते. टेस्ट स्क्रिप्ट मात्र ठणठणीत प्रोग्रामला नापास करते, कधी बिघडलेल्याला पासही करते. दोष तराजूत असतो आणि शंका मालावर घेतली जाते.

मुंबई-नवी मुंबईत हा प्रश्न रोजचा आहे. पवई, सीप्झ, ऐरोली इथल्या कचेऱ्यांत कोड मॅकबुकवर लिहायचा, टेस्ट उबुंटू लिनक्सवर चालवायच्या, कंटेनर (प्रोग्रामसोबत बांधलेली छोटी सिस्टिम) अल्पाइन लिनक्सचा, आणि ग्राहक एखादी बँक असली तर शेवटी एआयएक्स किंवा सोलारिसही समोर येते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत सगळीकडे ‘बिन/एसएच’च लिहिलेले असते, पण त्या नावामागचा शेल बदलत जातो. उबुंटूत २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून डॅश आहे, अल्पाइनमध्ये बिझीबॉक्सचा अ‍ॅश, एआयएक्सवर कॉर्न शेल. सोलारिस १० वर तर १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बोर्न शेलचाच वंशज बसला आहे. त्याला डॉलर आणि कंसात कमांड लिहिण्याची आजची सर्रास पद्धत कळत नाही. मॅकवर बॅश आहे, पण ३.२. त्यानंतरच्या आवृत्त्या जीपीएल या सॉफ्टवेअर परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली निघाल्या आणि अ‍ॅपलने त्या घेतल्या नाहीत.

या सगळ्यांचा सामाईक पाया म्हणजे पॉझिक्स. शेल आणि कमांड यांचे हे प्रमाण १९९२ मध्ये ठरले. अ‍ॅरे, दुहेरी चौकटी कंस, तुलनेसाठी दोन बरोबरचिन्हे ही बॅशची सवय त्यात बसत नाही. डॅशवर टेस्ट तिथेच कोसळते. हे दोष शेलचेक किंवा डेबियनचे चेकबॅशिझम्स ही तपासणीची साधने पटकन दाखवतात. पण शेलची भाषा सांभाळली म्हणजे काम झाले, हा समज चुकीचा आहे. खरी डोकेदुखी कमांडची असते, आणि तिथे ही साधने फारशी उपयोगी पडत नाहीत.

फाइल जागच्या जागी बदलणारा ‘सेड’चा ‘-आय’ पर्याय लिनक्सवर एकटा चालतो, मॅकवर त्यामागे बॅकअपचा प्रत्यय द्यावाच लागतो, निदान रिकामा तरी. कालची तारीख काढायला जीएनयूच्या (म्हणजे लिनक्सवर सहसा असणाऱ्या) ‘डेट’ला ‘-डी’ लागतो, मॅकवर ‘-व्ही’. ‘इको -एन’ एका शेलवर ओळ मोडत नाही, दुसऱ्यावर ‘-एन’ ही अक्षरेच छापतो. त्याऐवजी सरळ ‘प्रिंटएफ’ वापरावा. सगळ्यांत फसवी कमांड म्हणजे ओळी मोजणारी ‘डब्ल्यूसी -एल’. तीन ओळींच्या फाइलसाठी ती लिनक्सवर नुसता ३ देते, मॅकवर त्या आकड्याआधी रिकाम्या जागा सोडते. अवतरणचिन्हांत घालून ‘=’ ने तुलना केली की टेस्ट नापास, आणि स्क्रीनवर मात्र दोन्ही बाजूंना ३ च दिसतो. तुलना संख्या म्हणून, ‘-ईक्यू’ने करावी. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या स्वतःच्या टेस्ट बहुतांशी शेलमध्येच आहेत; तिथे ओळी मोजायला वेगळे फंक्शन आहे आणि अशा चुका हुडकणारी पर्ल स्क्रिप्टही आहे.

मराठी फाइलनावांची गंमत वेगळी. ‘दुसऱ्या’ मधला ऱ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता असा दोन संकेतांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम पहिले रूप फोडून दुसरे साठवत असे. त्यामुळे बनवलेल्या फाइलचे नाव ‘एलएस’ने परत वाचून जुळवले तर डोळ्यांना तेच, बाइटला वेगळे. नावांचा क्रमही लोकेलप्रमाणे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे) बदलतो. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘एलसी_ऑल’ची किंमत ‘सी’ ठेवतात.

घड्याळाचेही तसेच. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई विभागात (२०१६ पासून) सर्व्हर घेतला तरी तो सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवरच सुरू होतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच इथली तारीख यूटीसीच्या एक दिवस पुढे असते, म्हणून ‘आजची तारीख’ जुळवणारी टेस्ट दिवसा पास होते आणि नाइट शिफ्टला रडवते. टेस्टपुरते टाइमझोन ठरवणारे ‘टीझेड’ यूटीसीवर बांधावे. आयएसटीच हवी असेल तर पॉझिक्स पद्धतीत साडेपाचआधी उणे चिन्ह येते, कारण तिथे ग्रिनिचच्या पश्चिमेला अधिक धरतात. अधिक लिहिले की वेळ अकरा तासांनी मागे पडते.

‘यूनेम’ने सिस्टिमचे नाव विचारून फाटे फोडण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण टिकाऊ नाही: मॅकवरही कुणी जीएनयूची साधने बसवलेली असतात. हवी ती सोय आहे का, हे छोटी कमांड चालवूनच पाहावे. नसेल तर टेस्ट वगळावी, मात्र वगळल्याचे कारणासह निकालात छापावे. नाहीतर एआयएक्सवर निम्म्या टेस्ट चालल्याच नाहीत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.