मेनिंगोकोकल आजार: नुसत्या संशयावर आरोग्य यंत्रणेला कळवायचे ते का?

1805 च्या वसंतात जीनिव्हात एक साथ आली. एकाएकी चढणारा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, अंगावर जांभळे डाग, आणि काही जण तर दिवसभरातच दगावत. डॉ. गास्पार व्हियुसो यांनी हे सगळे लिहून ठेवले. मेनिंगोकोकल आजाराचे, म्हणजे मेनिंगोकोकस या जिवाणूमुळे मेंदूच्या आवरणांना किंवा रक्ताला होणाऱ्या संसर्गाचे, ते पहिले नेमके वर्णन मानतात. पण हा ताप संसर्गजन्य नाही, असे त्यांचे मत पडले. त्यांची चूक समजण्यासारखी होती. एका रुग्णाचा दुसऱ्याशी संबंध सहसा सापडतच नाही, कारण मधले दुवे धडधाकट माणसांचे असतात. साधारण दहांतल्या एकाच्या घशात हा जिवाणू काही त्रास न देता राहतो. 1887 मध्ये व्हिएन्नात आंतोन वाइक्सेलबाउम यांना तो रुग्णांच्या मेंदूभोवतालच्या द्रवात दिसला.

पुढे उपचारासाठी रक्तजल (सीरम) आले, सल्फा औषधे आली, पेनिसिलिन आले. मृत्यू घटले, साथी थांबल्या नाहीत.

त्या कुठे आणि कधी येतात, हे उमगले ते नोंदींमुळे. 1963 मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर लापेसोनी यांनी आफ्रिकेतल्या नोंदी जुळवून सहाराच्या दक्षिणेचा ‘मेनिंजायटिस पट्टा’ (मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह) दाखवून दिला. कोरड्या, धुळीच्या महिन्यांत तिथे साथ उसळते. 1996-97 मध्ये अडीच लाखांवर रुग्ण आणि 25,000 मृत्यू झाले. म्हणून तिथे आठवड्याची मोजणी महत्त्वाची: लाखामागे 3 रुग्ण म्हणजे इशारा, 10 म्हणजे साथ. या जिवाणूचे अनेक गट आहेत; 2010 पासून त्यातल्या ए गटाविरुद्धची लस मोठ्या मोहिमांतून दिली गेली आणि त्या गटाचे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. सी, डब्ल्यू, एक्स हे गट मात्र उरले, त्यामुळे नोंदीत गट लिहिणे आजही गरजेचे आहे. कोणती लस पाठवायची ते त्यावरच ठरते.

पण एकट्या रुग्णाच्या बाबतीत प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहू नये. काचेचा पेला पुरळावर दाबूनही डाग फिके पडत नसतील, तर तडक रुग्णालय गाठावे. डाग उमटलेच नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नये; पुरळ कधी उशिरा येते, कधी येतच नाही. डॉक्टरांनी प्रतिजैविक लगेच सुरू करावे आणि त्याच दिवशी आरोग्य यंत्रणेला फोन करावा. त्या फोनवरून घरातल्यांची, एका खोलीत झोपणाऱ्यांची यादी होते आणि शक्यतो 24 तासांत त्यांना प्रतिबंधक औषध मिळते. व्हियुसो यांना न दिसलेले दुवे याच यादीत असतात.