कुपीवरची तारीख

24 फेब्रुवारी 2021 रोजी घानाची राजधानी आक्रा येथे कोव्हिशील्ड लशीच्या 6 लाख मात्रा विमानाने उतरल्या. ‘कोव्हॅक्स’ या आंतरराष्ट्रीय योजनेतून भारताबाहेर पोहोचलेला तो पहिला साठा होता आणि तो तयार झाला होता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. श्रीमंत देशांनी कंपन्यांशी थेट करार करून आपापली लस आधीच राखून ठेवली असताना, 92 गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना ती देणगीच्या पैशातून मिळावी, हा या योजनेचा हेतू होता. मात्र महिन्याभरातच भारतात दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि कोव्हॅक्सला पुण्याहून होणारा पुरवठा नोव्हेंबरपर्यंत सुरू झाला नाही. आपल्याकडेच केंद्रांबाहेर रांगा लागल्या असताना घेतलेल्या या निर्णयाला दोष देणे अवघड आहे. चूक होती ती एकाच कारखान्यावर एवढी भिस्त ठेवण्यात.

पुरेशा मात्रा मिळाल्या म्हणजे काम झाले, असेही नाही. कोव्हिशील्डची 5 मिलिलिटरची कुपी 10 जणांसाठी असे. ती 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागे आणि एकदा उघडली की 6 तासांत संपवावी लागे. दूरच्या पाड्यावर बर्फाच्या पेटीत लस घेऊन गेलेल्या आरोग्यसेविकेसमोर चारच माणसे आली, तर कुपी उघडून सहा मात्रा वाया घालवायच्या की त्या चौघांना परत पाठवायचे?

शिवाय न उघडलेल्या कुपीलाही मुदत असतेच. आफ्रिकी संघाकडून मलावीला 26 मार्च 2021 रोजी सुमारे 1 लाख 2 हजार मात्रा मिळाल्या, त्यांची मुदत 13 एप्रिलला संपणार होती. अवघ्या 18 दिवसांत त्या देशाने बहुतेक मात्रा लोकांना टोचल्या, ही खरे तर कौतुकाची गोष्ट. पण बातमी झाली ती उरलेल्या 19,610 मात्रा मे महिन्यात भट्टीत जाळल्याची.

अखेर नोव्हेंबर 2021 मध्ये कोव्हॅक्स आणि आफ्रिकी संस्थांनी देणगीदारांना जाहीरपणे सांगितले, की लस देशात पोहोचेल तेव्हा तिची किमान 10 आठवड्यांची मुदत शिल्लक असावी आणि ती येणार असल्याची सूचना 4 आठवडे आधी मिळावी. युनिसेफच्या माहितीनुसार पुढच्याच महिन्यात गरीब देशांनी 10 कोटींहून अधिक मात्रा नाकारल्या. काही ठिकाणी साठवायला शीतकपाटे नव्हती. बहुतेक ठिकाणी मात्र मुदत संपत आली होती.