गणित कच्चं आहे की गणिताची भीती?

“पोराचं गणित फार कच्चं आहे, जरा जास्त सराव करून घ्या.” शिकवणीला मुलं येऊ लागली की दर जूनमध्ये मी हे ऐकते. वही चाळते, मुलाशी बोलते, आणि पुष्कळदा दिसतं की गणित कच्चं नाहीच, पोर घाबरलंय. घाबरलेल्या मुलाला आणखी पन्नास गणितं देणं मला अजिबात पटत नाही.

कच्चं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे: पाढे अडतात, हातचा राहतो, अपूर्णांक समजलेले नसतात. त्याला नीट समजावणं आणि सराव, हाच उपाय.

कच्चं कोण आणि घाबरलेलं कोण यात घोळ होतो, कारण वहीत दोघांच्याही वाट्याला लाल फुलीच येते. म्हणून फुल्या मोजू नका, चूक कशी आहे ते बघा. कच्च्या मुलाची चूक ठाम असते. ४२ − १७ = ३५. ६३ − २८ = ४५. सकाळी विचारा, रात्री विचारा, आजीनं विचारलं तरी तेच. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा त्यानं नियमच धरलाय. दहा काड्यांचा गठ्ठा त्याच्या हातानं सोडायला लावला की दशक सुटा करणं म्हणजे काय ते त्याला दिसतं.

घाबरलेल्या मुलाची चूक मात्र माणूस आणि वेळ बघून बदलते. चौथीतल्या एका मुलीला तिच्या बाबांनी माझ्यासमोर विचारलं, “सात आठे?” चोपन्न. मग त्रेसष्ट. मग गप्प. तिची नजर वहीवर नव्हतीच, बाबांच्या चेहऱ्यावर होती. बाबा गेल्यावर आम्ही पेढे खोक्यात लावायला घेतले. आठ-आठच्या सात रांगा झाल्या, आणि मी न विचारताच ती म्हणाली, “छप्पन्न झाले.” पाढा तिला येतच होता. आकडेमोड करताना मधले आकडे मनात धरून ठेवायला जागा मुळातच थोडी असते. ‘चुकलं तर ओरडा बसेल’ हा विचार तिथे शिरला की हातच्याला जागा कुठून उरणार? मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांतून दाखवलंय. गणिताची भीती मोजायची ९८ प्रश्नांची प्रश्नावली तर १९७२ सालीच तयार झाली होती.

तेव्हा तेच गणित घड्याळ न लावता, कुणी समोर न बसता सोडवायला द्या. सुटलं तर भीती, तीच चूक आली तर कच्चं. दोन्ही असेल तर मी आधी भीतीलाच हात घालते.

‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणं यातलं काहीच नव्हे. मराठीत तीन आधी ऐकू येतात, पन्नास मागून. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ती रीत जोडीला हवीच वाटते. त्रेपन्न कुठे जात नाही. डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे आणि आकडेमोड समजायलाच अवघड जाण्याच्या अडचणीची, शंका असेल तर तपासणी तज्ज्ञांकडूनच करून घ्या.

आणि कृपा करून “सोप्पंय रे” म्हणू नका. सोपं असूनही येत नाही, म्हणजे आपणच ढ, एवढंच पोराला ऐकू जातं. त्यापेक्षा गणित तुम्ही सोडवा, मुद्दाम एक चूक ठेवा आणि लाल पेन त्याच्या हातात द्या.