दख्खनी लोकर का टोचते?

दसरा झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात, पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. खांद्यावर घोंगडी घेतलेले धनगर महाराष्ट्र-कर्नाटकातून येतात आणि भंडारा, खारीक, खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. ज्या जिल्ह्यात लोकर देवाला वाहतात, तिथल्या विणणाऱ्यांच्या पिशवीत ती सहसा सापडत नाही. बाजारातून आणलेले रंगीबेरंगी गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या धाग्याचे असतात. दख्खनी मेंढीची लोकर नको म्हणणाऱ्यांचं कारण ठरलेलं: ती टोचते.

तक्रार अगदी खरी आहे. लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. मऊ लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या मेरिनो मेंढीची चांगली लोकर २० मायक्रॉनच्या आसपास असते, दख्खनीची सरासरी ३० च्या बरीच वर जाते. धाग्यातून बाहेर आलेलं तंतूचं टोक कातडीवर टेकलं की एक तर ते वाकतं, नाही तर रुततं. वाकायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. २० ऐवजी ४० मायक्रॉनचा तंतू घेतला, तर तेवढ्याच लांबीचं टोक वाकवायला १६ पट जोर लागेल. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढची टोकं वाकण्याआधीच त्वचेतल्या वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतात. त्यामुळे कापडात अशी जाड टोकं शंभरात पाच असली तरी अंगाला खाज सुटते. बऱ्याच जणांना ही लोकरीची ॲलर्जी वाटते, पण बहुतेक वेळा तो केवळ तंतूच्या ताठपणाचा परिणाम असतो.

धनगरांना हे मायक्रॉनशिवाय ठाऊक आहे. जावळाची घोंगडी मऊ म्हणून जास्त मोलाची. कोकराची पहिली लोकर बारीक असते, शिवाय तिला आधी कधी कात्री लागलेली नसल्यामुळे तंतूचं टोक निमुळतं असतं. कातरलेलं टोक बोथट, म्हणून अधिक टोचणारं.

आता हाच तंतू पावसात पाहा. गगनबावडा, राधानगरीच्या पट्ट्यात घोंगडीची खोळ करून माणसं पावसाळाभर रानात उभी राहतात, ती उगाच नाही. लोकर केराटिन या प्रथिनाची असते, आपले केस आणि नखंही त्याचीच. तंतूवर कौलांसारखे खवले असतात आणि त्या खवल्यांवर स्निग्ध आम्लांचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधानं चिकटलेला असतो. साध्या साबणानं तो जात नाही. पावसाचा थेंब त्यावरून घरंगळतो. पाण्याच्या वाफेला मात्र वाट मिळते. ती आत शिरते आणि केराटिनला बिलगते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा असा पोटात घेऊ शकते, तरी हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्क्यांवर थांबतं. वाफ केराटिनला बिलगताना उष्णताही बाहेर पडते, म्हणून कोरडी घोंगडी घेऊन दमट हवेत गेलं की थोडा वेळ खरोखरच ऊब वाढते. मला हा गुण सगळ्यांत मोलाचा वाटतो.

सनगर मंडळी घोंगडी विणताना ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात. चिंचोक्यातली लांबलचक शर्करा-साखळी धाग्यावर पातळ पापुद्रा धरते, उभे राहिलेले तंतू बसवते आणि मागावरच्या घासाघाशीत धागा तुटू देत नाही. दोन सुयांवर विणताना एवढा घर्षणाचा मार नसतो, तेव्हा आपल्याला खळीची गरज नाही.

मग या लोकरीचं करायचं काय? गळ्याशी येणारा स्वेटर नकोच. बस्कर, पिशवी, पायपुसणं, चहाच्या किटलीचं आवरण, पाण्याच्या बाटलीची खोळ, अशा वस्तूंना ताठपणा हवाच असतो. नैसर्गिक काळा आणि करडा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा, त्यामुळे रंगवायची गरज नाही. मेंढपाळाला लोकरीचा भाव इतका कमी मिळतो की कातरणीची मजुरीही निघत नाही, आणि पुष्कळांनी मांसासाठीच्या, फारशी लोकर नसलेल्या माडग्याळ मेंढ्या धरल्या आहेत. चार जणींनी मिळून हातकताईचा धागा मागितला तर तो कातणाऱ्या बाईला काम राहील, हे मी मनापासून म्हणते.

गुंडा खरंच लोकरीचा आहे का, हे धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून कळतं. लोकर केस जळल्याचा वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक वितळत पेटतं आणि त्याची कडक गुठळी राहते. खाली पाण्याचं भांडं ठेवा आणि गुठळी गरम असताना हात लावू नका.

पिशवी घट्ट हवी असेल तर ती ६ मिलिमीटरच्या सुयांवर सैल आणि मापापेक्षा मोठी विणा, मग कोमट साबणपाण्यात चोळा. खवले एकाच दिशेनं, टोकाकडे झुकलेले असल्यानं तंतू मुळाच्या बाजूनं सरकतो, मागे येत नाही, आणि कापड आटून दाट होतं. जाड लोकर मेरिनोइतकी चटकन आटत नाही, वेळ द्यावा लागतो. आटणं रुंदीपेक्षा उंचीत जास्त होतं, म्हणून आधी २० टाक्यांचा चौकोन विणून, धुऊन, दोन्ही बाजू मोजून घ्या आणि त्यावरून पिशवीचे टाके ठरवा.