जावास्क्रिप्टमधील कंपाइल-टाइम कोड रूपांतर

जावास्क्रिप्टचा कोड ब्राउझरमध्ये किंवा नोड.जेएसवर चालण्याआधी, बिल्ड होत असतानाच, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तो वाचून त्याच्या जागी बदललेला कोड लिहिणे म्हणजे कंपाइल-टाइम कोड रूपांतर. जेएसएक्सचे, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या एचटीएमएलसारख्या टॅगचे, साधे फंक्शन कॉल करणे, टाइपस्क्रिप्टमधले टाइप काढून टाकणे, नवा सिंटॅक्स जुन्या ब्राउझरला समजेल असा करणे ही त्याची रोजची कामे. बहुतेक प्रोग्रामरांचा या साधनांशी संबंध कॉन्फिगरेशन फाइलपुरताच येतो. स्वतःचे रूपांतर लिहायला बसले की कळते, शिकायच्या गोष्टी मुळात दोनच आहेत: कोडचे झाड आणि त्यातली नावे. झाड दोन दिवसांत समजते. चुका मात्र पुढेही होत राहतात, त्या नावांमुळे.

कोडचे झाड

काम तीन टप्प्यांत चालते. पार्सर मजकुराचे झाड बनवतो, मधल्या टप्प्यात झाडात बदल होतात आणि जनरेटर त्या झाडाचा पुन्हा मजकूर करतो. या झाडाला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सिंटॅक्स ट्री, थोडक्यात एएसटी म्हणतात. झाडातल्या प्रत्येक घटकाला नोड म्हणतात. नोडची नावे आणि रचना 'ईएसट्री' या नियमावलीत ठरवलेली आहे. तिचे मूळ मोझिलाच्या स्पायडरमंकी इंजिनच्या पार्सर एपीआयमध्ये आहे. अ‍ॅकॉर्न आणि एस्प्रिमा हे पार्सर आणि कोडमधल्या चुका दाखवणारा ईएसलिंट ती पाळतात.

बॅबल या कोड-रूपांतराच्या साधनाचे झाड ईएसट्रीवरूनच घेतलेले, पण हुबेहूब तेच नाही. ईएसट्रीत स्ट्रिंग, आकडा, बुलियन हे सगळे 'लिटरल' असतात. बॅबलमध्ये त्यांचे 'स्ट्रिंगलिटरल', 'न्यूमरिकलिटरल' असे वेगळे प्रकार होतात. ईएसलिंटच्या नियमातली 'नोडचा टाइप लिटरल आहे का' ही तुलना बॅबलच्या प्लगइनमध्ये तशीच आणली, तर ती कधीच खरी ठरत नाही आणि एररही येत नाही. एएसटी एक्सप्लोरर हे वेबवरचे साधन वापरताना वर आपल्याच साधनाचा पार्सर निवडायचा तो याचसाठी. तिथे डावीकडे कोड लिहिला की उजवीकडे झाड दिसते, आणि कोडमध्ये कर्सर ठेवला की नेमका नोड उघडतो. एक ओळही लिहिण्याआधी अर्धा तास इथे घालवावा.

पहिला प्रयोग ईएसलिंटच्या नियमाचा असावा. नियम झाड फक्त वाचतो, त्यामुळे कोड मोडायची भीती नसते आणि झाडात फिरणे अंगवळणी पडते. मग बॅबलकडे वळावे.

बॅबलचा पहिला प्लगइन

बॅबल 2014 मध्ये 'सिक्स-टू-फाइव्ह' या नावाने सुरू झाला आणि 2015 मध्ये त्याचे नाव बदलले. त्याच वर्षीच्या सहाव्या आवृत्तीपासून तो स्वतःहून काहीच बदलत नाही. प्रत्येक रूपांतर प्लगइनमधून येते. प्लगइन म्हणजे एक फंक्शन, जे 'व्हिजिटर' असलेला ऑब्जेक्ट परत देते. व्हिजिटरमध्ये नोडच्या प्रकाराचे नाव आणि तो भेटल्यावर चालवायचे फंक्शन असते. त्या फंक्शनला नुसता नोड मिळत नाही, 'पाथ' मिळतो. नोड आपल्या पोटातले नोड जाणतो. पाथला वरचा नोड, शेजारचे नोड आणि स्कोप, म्हणजे कोणते नाव कुठे लागू आहे, हेही माहीत असते. बदल करायचे ते पाथच्या मेथडनी.

सरावासाठी कन्सोल-लॉगचे कॉल काढून टाकणारा प्लगइन चांगला. 'कॉलएक्स्प्रेशन' भेटला की त्याचा 'कॉली', म्हणजे ज्याला कॉल केले तो भाग, तपासायचा: तो 'मेंबरएक्स्प्रेशन' हवा, त्यातला ऑब्जेक्ट 'कन्सोल' आणि प्रॉपर्टी 'लॉग'. जुळले की पाथची रिमूव्ह मेथड. दहा-बारा ओळींत काम होते, आणि त्या जवळजवळ सगळ्याच अपुऱ्या असतात.

कॉल स्वतंत्र विधान असेल तर काढणे सुरक्षित. तो एखाद्या एक्स्प्रेशनच्या आत असेल, म्हणजे 'आणि' या चिन्हाच्या उजव्या बाजूला किंवा टर्नरीच्या एका फांदीत, तर काढण्याऐवजी तिथे 'व्हॉइड शून्य' ठेवावे, म्हणजे किंमत पूर्वीसारखीच अनडिफाइन्ड राहते. कंसात प्रॉपर्टीचे नाव स्ट्रिंग म्हणून लिहिले असेल तर ती 'आयडेंटिफायर' नसून 'स्ट्रिंगलिटरल' असते, आणि प्रश्नचिन्हाच्या ऑप्शनल चेनिंगने केलेला कॉल बॅबलमध्ये वेगळ्याच प्रकारचा नोड असतो, दोन्ही निसटतात. सर्वांत घातक प्रकार कॉलच्या आर्ग्युमेंटमध्ये लपतो: तिथे काउंटर एकने वाढवला असेल तर लॉगबरोबर ती वाढही जाते, आणि प्रोग्राम फक्त प्रॉडक्शन बिल्डमध्ये चुकतो. अशा वेळी आर्ग्युमेंट मागे ठेवावे.

नावे आणि स्कोप

वरच्या प्लगइनने 'कन्सोल' हे नाव ओळखले, त्या नावामागची वस्तू नाही. एखाद्या फंक्शनच्या पॅरामीटरचेच नाव 'कन्सोल' असेल, तर त्यातला लॉग कॉल काढायचा हक्क प्लगइनला नाही. म्हणून स्कोपच्या 'गेटबाइंडिंग' मेथडने विचारायचे. उत्तर अनडिफाइन्ड आले तरच ते नाव ग्लोबल. ही एक ओळ नसलेले प्लगइन छोट्या प्रोजेक्टमध्ये वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतात आणि मोठ्या कोडवर पहिल्याच दिवशी उघडे पडतात.

उलट बाजूने, प्लगइनने नवे व्हेरिएबल घालताना मनाचे नाव देऊ नये. 'टेम्प' नाव वापरले आणि त्या फाइलमध्ये आधीच 'टेम्प' असले की दोघांपैकी एकाची किंमत चुकीची. स्कोपची 'जनरेट-यूआयडी-आयडेंटिफायर' मेथड अंडरस्कोरने सुरू होणारे, त्या प्रोग्राममध्ये न वापरलेले नाव देते. घातलेली घोषणा स्कोपला आपोआप कळेलच असे नाही. पुढच्या प्लगइनांना ती दिसायला हवी असेल तर 'रजिस्टर-डिक्लरेशन'ने नोंदवावी.

दुसरी हमखास चूक न थांबणाऱ्या फेरीची. प्रत्येक कॉलभोवती 'मोजा' फंक्शनचा कॉल गुंडाळायचा आहे असे धरू. जागा बदलताच बॅबल नवा नोड पुन्हा भेटीच्या रांगेत लावतो. तोही कॉल, म्हणून त्याभोवती आणखी एक 'मोजा', आणि हे मेमरी संपेपर्यंत चालते. पाथची स्किप मेथड पोटातल्या कॉलनाही वगळते, त्यामुळे इथे हाताळलेले नोड वीकसेटमध्ये नोंदवून ते पुन्हा भेटल्यास परत फिरणे जास्त बरे.

क्रमाचेही ध्यान हवे. प्लगइन प्रीसेटच्या, म्हणजे प्लगइनांच्या तयार संचांच्या, आधी चालतात आणि लिहिलेल्या क्रमाने. प्रीसेट मात्र शेवटाकडून सुरुवातीकडे. शिवाय एका टप्प्यातल्या सगळ्या प्लगइनांची झाडावर एकच सामाईक फेरी होते. आपला प्लगइन यादीत पहिला आहे म्हणून तो संपूर्ण फाइल आधी पाहून घेतो, असे होत नाही. तसे हवे असेल तर 'प्रोग्राम' नोडमध्ये शिरतानाच आतली वेगळी फेरी काढावी लागते.

इतर साधने

स्वतःचा सोर्स कोडच एकदा बदलून साठवायचा असेल, उदाहरणार्थ जुन्या एपीआयचे सगळे कॉल नव्या रूपात, तर ते काम कोडमॉडचे, त्यासाठी जेएसकोडशिफ्ट. बॅबलचा जनरेटर मूळ मांडणी सांभाळत नाही, तर जेएसकोडशिफ्टमागचा रीकास्ट न बदललेल्या भागाच्या मोकळ्या ओळी आणि इंडेंटेशन आहे तसे ठेवतो. आधी ड्राय रन, म्हणजे फाइल न बदलता चाचणी, करावा.

बॅबलसारखेच काम करणारा एसडब्ल्यूसी रस्ट भाषेत लिहिलेला आहे. त्याचे प्लगइनही रस्टमध्ये लिहून वेबअसेंब्लीत कंपाइल करायचे असतात, आणि प्लगइनची व मूळ साधनाची आवृत्ती जुळली नाही तर ते चालतीलच असे नाही. गो भाषेतले बिल्ड टूल ईएसबिल्ड प्लगइनला झाड देतच नाही. मुख्यतः फाइल शोधणे आणि तिचा मजकूर पुरवणे याच जागा मोकळ्या आहेत. वेग टिकवायला हे जाणूनबुजून केले आहे. टाइपस्क्रिप्टचा कंपाइलर स्वतःचे ट्रान्सफॉर्मर घेतो, पण त्याच्या एपीआयमधून. नेहमीच्या टीएससी कमांडला ते जोडायला टीएस-पॅचसारखी सोय लागते. रूपांतराला टाइपची माहिती हवी असेल तर बॅबल पुरत नाही, कारण बॅबल एका वेळी एकच फाइल पाहतो आणि टाइप न तपासता फेकून देतो.

बॅबलचा मॅक्रो प्लगइन शिकणाऱ्याला सोयीचा: रूपांतर वापरणारी फाइल ते नावानिशी इम्पोर्ट करते, त्यामुळे कोड वाचणाऱ्याला इथे काहीतरी बदलणार आहे हे दिसते.

तपासणी जोड्यांनी करावी: एका फाइलमध्ये मूळ कोड, दुसऱ्यात अपेक्षित कोड. त्यात ज्यांना प्लगइनने हातच लावू नये अशा जोड्या निम्म्या तरी असाव्यात. वरचा पॅरामीटरवाला 'कन्सोल' त्यातला पहिला. आउटपुट नुसते ताडून न पाहता चालवूनही पाहावे. आणि प्लगइन बदलूनही निकाल तोच येत असेल तर तर्क चुकला असे मानण्याआधी बिल्ड टूलचा कॅशे रिकामा करून वॉच मोड पुन्हा सुरू करावा. प्लगइनच्या फाइलमधला बदल कॅशेला कळतोच असे नाही.