पार्श्वभूमी : पंजाबचा मानवी तस्करीविरोधी कायदा आणि त्याचं बदललेलं नाव

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान बेकायदा तिथे गेलेल्या आणि परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बहुतेक जण हरियाणा, गुजरात, पंजाबचे, तिघे महाराष्ट्रातले. यांना पाठवणाऱ्या एजंटांसाठी कायदा नाही का? पंजाबात आहे, २०१२ चा.

त्याची मुळं शोधायला २५ डिसेंबर १९९६ च्या पहाटेपर्यंत मागे जावं लागतं. माल्टा आणि सिसिलीच्या मधल्या समुद्रात मोठ्या जहाजावरून छोट्या बोटीत माणसं कोंबली गेली आणि बोट बुडाली. किमान २८३ जण गेले, त्यात पंजाबातली कितीतरी पोरं होती. इटलीत बराच काळ कुणी हे मानेना. मग एका कोळ्याच्या जाळ्यात एका श्रीलंकन तमिळ तरुणाचं ओळखपत्र आलं आणि २००१ मध्ये समुद्रतळाशी बोट सापडली.

इकडे अशा एजंटांना धरायचं कशाखाली? परदेशगमन हा केंद्राचा विषय. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यात शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं आणि दंड दोन हजार रुपये. एजंट एका गिऱ्हाइकाकडून लाखो रुपये घेतो, हे लक्षात घेतलं तर हसूच येतं. दंडविधानातल्या माणसांच्या व्यापाराच्या (ट्रॅफिकिंग) कलमाला शोषण सिद्ध व्हावं लागतं. इथे तर माणूस जमीन विकून आपल्या पायांनी जातो. म्हणून पोलिसांचा भरवसा फसवणुकीच्या कलमावर, म्हणजे तेव्हाच्या ४२० वर. गाण्याच्या ताफ्यात घालून किंवा अशाच बेकायदा मार्गाने माणसं परदेशात सोडण्याला पंजाबात ‘कबूतरबाजी’ म्हणतात. अशाच एका प्रकरणात २००३ मध्ये एका नामवंत गायकावर गुन्हा नोंदला गेला, तो फसवणुकीचाच. निकाल लागला २०१८ मध्ये : दोन वर्षं. पुढे हायकोर्टाने ती शिक्षाही स्थगित केली.

२०१२ च्या पंजाब कायद्याने एजंटाला परवाना सक्तीचा केला आणि उल्लंघनाला तीन ते सात वर्षं कैद ठेवली. तस्करीची व्याख्याही चाणाक्ष आहे : पैसे जाणाऱ्यानेच दिले पाहिजेत असं नाही, आईबापांनी किंवा नातेवाइकांनी दिलेलेही धरले जातात. घरोघरी व्यवहार तसाच होतो.

पण कायद्याचं नाव होतं ‘मानवी तस्करी (ह्यूमन स्मगलिंग) प्रतिबंध’. त्यात विमानाची तिकिटं काढून देणारा आणि आयईएल्टीएसचे (परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेचे) क्लास चालवणाराही आला. २०१४ मध्ये नाव बदलून ‘ट्रॅव्हल प्रोफेशनल्स नियमन’ झालं. मला हा बदल बोलका वाटतो. तस्करीचा कायदा दुकानाच्या परवान्याचा झाला. परवाना जालंधरच्या दुकानात भिंतीवर लागतो. डंकीच्या, म्हणजे देशादेशांतून चोरून अमेरिकेत शिरण्याच्या वाटेवर पनामाच्या जंगलातून माणसं नेणाऱ्याला तो कुणी विचारत नाही.

विमान उतरल्यावर दोन महिन्यांच्या आत, मार्च २०२५ मध्ये, हरियाणा विधानसभेनेही ट्रॅव्हल एजंटांच्या नोंदणीचं विधेयक मंजूर केलं.